दुसऱ्या कंपनीचा पार्ट : डुकराची किडनी मागणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४६, रक्तगट बी पॉझिटिव्ह. व्यवसाय एसी मेकॅनिक. घर डोंबिवलीत, गाव कुडाळ तालुक्यात. घरात बायको, दोन मुलं. आई गावाला. ऑगस्ट २०२३ मध्ये उलट्या आणि धाप लागते म्हणून दाखल झाला तेव्हा रक्तदाब २१०/११० आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) ११.२. दोन्ही किडन्या सोनोग्राफीत लहान दिसल्या, म्हणजे आजार जुना होता, फक्त कुणाला माहीत नव्हता. त्या आठवड्यातच मानेतल्या कॅथेटरवर डायलिसिस सुरू झालं, पुढे डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेली शीर आणि धमनी.

मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक आहे. घरच्या सगळ्यांच्या परवानगीने हे लिहितेय. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आजाराचे बदललेले नाहीत.

फिस्टुलाच्या हाताने ओझं उचलायचं नाही, हे सांगितलं तेव्हा हा माणूस पहिल्यांदा गप्प झाला. आउटडोअर युनिट सातव्या मजल्याच्या ग्रिलबाहेर दोर बांधून उतरवणं हे त्याचं काम. मग तो खाली उभा राहून पोरांना सूचना द्यायला लागला, आणि आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास आमच्या युनिटच्या चौथ्या खुर्चीवर बसायला लागला. बसल्या बसल्या डायलिसिसच्या मशीनची चौकशी. पंप कुठल्या कंपनीचा, प्रेशर सेन्सर कुठे, अलार्म का वाजतो. टेक्निशियन त्याच्यावर खूश असत.

जानेवारी २०२४ मध्ये बायकोने दाता म्हणून तपासणीची तयारी दाखवली. तिचा गट ए पॉझिटिव्ह. जुळला नाही. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे गट न जुळताही प्रत्यारोपण करणं. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) आधी काढून टाकावी लागतात, आणि खर्च बराच वाढतो. दुसरा म्हणजे अदलाबदल : आपल्यासारखीच अडकलेली दुसरी जोडी शोधायची, तिथला दाता आपल्या रुग्णाला आणि आपला दाता त्यांच्या रुग्णाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने याला वाट दिली आहे. ए आणि बी ही जोडी त्यासाठी तशी सोयीची, उलट्या गटांची जोडी सापडायची शक्यता बरी असते. मी फॉर्म पुढे केला. तो म्हणाला, ‘विचार करून सांगतो मॅडम.’ मेंदूमृत दात्यांच्या यादीत नाव मात्र लगेच नोंदवलं. त्या यादीचं गणित मी कुणापासून लपवत नाही. मुंबईत वर्षाला असे दाते पन्नास-साठच्या घरात, एकाकडून फार तर दोन किडन्या, आणि रांगेत हजारो माणसं.

विचार करून सांगतो, या वाक्याला आमच्याकडे मुदत नसते.

मार्च २०२४

होळीच्या आधीचा शुक्रवार होता. मी युनिटमध्ये शिरले तर याने मोकळ्या हाताने मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ मार्चला ६२ वर्षांच्या माणसाला डुकराची किडनी बसवली, अशी बातमी. रिचर्ड स्लेमन त्यांचं नाव. जिवंत माणसाला जनुकं बदललेल्या डुकराची किडनी देण्याची ही पहिलीच वेळ. ‘हे कधी येतंय आपल्याकडे? माझं नाव त्यात घाला.’

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

‘कंप्रेसर गेला की आपण काय करतो? ओरिजिनल मिळत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा बसवतो. बसतो की. थोडी वेल्डिंग करावी लागते.’

मी त्याला विचारलं, आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये आर-४१०ए गॅस भरला तर? तो हसला. माझ्या घरचा एसी त्याच्याच एका शिष्याने मागच्या मे महिन्यात दुरुस्त केला होता आणि ही गोष्ट मला तेव्हा ऐकून माहीत झाली होती. ‘नाही चालत. प्रेशर दीडपटीहून जास्त. तेलही वेगळं लागतं. जुनं तेल राहिलं तर कंप्रेसर जाम.’

पुढचा अर्धा तास आम्ही त्याच भाषेत बोललो. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसाच्या अंगात ती नाही. पण आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर तिच्यासारखीच साखर असल्याने तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं आपल्या रक्तात लहानपणापासून तयार असतात. साधी, न बदललेली डुकराची किडनी जोडली तर रक्त सुरू केल्यावर काही मिनिटांत ती काळीनिळी पडते. म्हणजे प्रेशर टेस्टलाच पाइप फुटला. म्हणून त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते : त्या साखरेची आणि तिच्यासारख्या आणखी दोन साखरांची मिळून तीन जनुकं काढली, माणसाची सात घातली, आणि डुकराच्या वंशातच दडलेल्या विषाणूच्या ५९ प्रती बंद केल्या. ‘म्हणजे पार्ट दुसऱ्या कंपनीचा, पण थ्रेड आपल्या मापाचे कापून घेतलेत,’ तो म्हणाला. मी शिकवण्याच्या वर्गात आता हेच वाक्य वापरते.

‘मग अडलंय कुठे?’

अडलं असं की स्लेमन यांना आधी २०१८ मध्ये माणसाची किडनी मिळालेली होती, ती २०२३ मध्ये बंद पडली, डायलिसिससाठी रक्तवाहिन्या उरत नव्हत्या, आणि दुसरा मार्ग जवळपास संपला होता. अशा माणसासाठी तिथल्या औषध प्रशासनाने खास परवानगी दिली होती. तुमच्यापुढे मार्ग आहे, मी म्हटलं, अदलाबदलीचा फॉर्म माझ्या टेबलावर पडलाय. त्यावर त्याने मोबाइल खिशात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मशीनवर बसलेल्या माणसाला संभाषण संपवायचा तेवढाच मार्ग असतो.

त्या दिवशी मी फाइलमध्ये लिहिलं : ‘रुग्ण वास्तव स्वीकारण्यास तयार नाही. पुन्हा समुपदेशन.’ ही नोंद चुकीची होती. का, ते पुढे.

हेपारिनची कुपी

आमचं बोलणं आजूबाजूच्या खुर्च्यांनी ऐकलं होतं. पाचव्या खुर्चीवर मुंब्र्याचे एक चाचा, सहाव्या खुर्चीवर घाटकोपरच्या एक जैन बाई. चाचा म्हणाले, आम्हाला तर ते चालायचंच नाही. बाई म्हणाल्या, आम्हाला कुठलंच चालायचं नाही. आमचा एक तरुण टेक्निशियन, वयाने लहान आणि खरं बोलायची हौस असलेला, सहज बोलून गेला, ‘अहो, हेपारिन कशापासून बनतं माहितीये का?’

हेपारिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसच्या नळीत देतात ते औषध. मशीनमधून फिरताना रक्ताची गुठळी झाली तर फिल्टर बंद पडतो. हे औषध मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरापासून काढतात. आमच्याकडे येणाऱ्या कुपीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही आहे. वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा ते या दोघांच्या रक्तात जात होतं.

पुढच्या पाळीला दोघांनीही हेपारिन घ्यायला नकार दिला. बिनहेपारिनचं डायलिसिस करता येतं. दर अर्ध्या तासाने सलाइनने नळी धुवायची, रक्ताचा वेग जास्त ठेवायचा आणि नशिबावर हवाला. चाचांचा फिल्टर तिसऱ्या तासाला गोठला. त्या फिल्टरमधलं रक्त परत देता येत नाही. ज्याचं हिमोग्लोबिन आधीच आठवर आहे त्याच्यासाठी हा तोटा लहान नसतो.

टेक्निशियनला ओरडा बसला. मला तो ओरडा पटला नाही. रुग्णाच्या अंगात काय जातंय हे त्याला कळायला हवंच, आम्ही ते पहिल्या दिवशी सांगत नाही ही आमची सोय आहे. पण सांगायची वेळ आणि रीत असते, फिल्टरमध्ये रक्त फिरत असताना ती नव्हे.

चाचांचं लवकर सुटलं. ते त्यांच्या मशिदीतल्या मौलानांकडे गेले. जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर मनाई उठते, असं उत्तर घेऊन आले आणि म्हणाले, ‘लगाओ.’ जैन बाईंना वेळ लागला. तीन आठवडे. त्यांच्या मुलाने गाईच्या हेपारिनची चौकशी केली, त्याने तर प्रश्न आणखी अवघड झाला. मी त्यांना हृदयाच्या झडपांबद्दल सांगितलं, की आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेल्या झडपा बसवतात, आणि त्या बसवून घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं आहेत. तिथेही कुणी सहज होय म्हणत नाही. धातूची झडप घेतली तर आयुष्यभर रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्राण्याची घेतली तर दहा-पंधरा वर्षांनी बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया. निवड तिथे धर्माची कमी आणि वयाची जास्त असते. बाई शेवटी म्हणाल्या, मी घेईन, पण प्रत्येक वेळी मनात क्षमा मागून घेईन. नंतर त्या सुई टोचताना डोळे मिटून पुटपुटायच्या. आम्ही त्या वेळी मशीनचा अलार्म बंद ठेवायचो.

मेकॅनिकने हा सगळा प्रकार चौथ्या खुर्चीवरून पाहिला. त्याचं अनुमान सरळ होतं : ‘म्हणजे डुक्कर आधीच आत आहे. किडनीच तेवढी राहिली.’

मे ते नोव्हेंबर २०२४

मे महिन्यात स्लेमन गेल्याची बातमी आली. शस्त्रक्रियेला दोन महिनेही झाले नव्हते. मृत्यू किडनीमुळे झाल्याची काही खूण नाही, असं रुग्णालयाने सांगितलं. मेकॅनिक दोन दिवस उदास होता, मग म्हणाला, पार्ट चालू होता, गाडी जुनी होती.

जूनमध्ये त्याच्या मेहुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी भेटला. परदेशात डुकराची किडनी बसवून देतो, आत्ता पंचवीस हजार भरून नाव नोंदवा, बाकीचे नंतर. बायकोने तो मेसेज मला दाखवला तेव्हा पैसे अजून गेले नव्हते. त्या नंबरवर मी फोन केला, मी समन्वयक बोलतेय म्हटल्यावर तो बंद झाला तो झालाच. जगात त्या वर्षी अशा किडन्या मिळालेली जिवंत माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, ती सगळी मोठ्या संशोधन रुग्णालयांत, एकेकाची निवड करून.

‘आपल्याकडे कुणी केलंच नाही का कधी?’ त्याने एकदा विचारलं. केलंय. जानेवारी १९९७ मध्ये आसाममध्ये गुवाहाटीजवळ सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी एका ३२ वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. तो सातव्या दिवशी गेला. डॉक्टरांना १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली, चाळीस दिवस तुरुंगात काढावे लागले. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरिलँडला डुकराचं हृदय बसवलं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना बरुआ पुन्हा आठवले, ‘काळाच्या पुढे होते’ वगैरे. माझं मत वेगळं आहे. १९९७ मध्ये अल्फा-गॅल काढलेलं डुक्कर जगात कुठेच नव्हतं. काळाच्या पुढे असणं वेगळं आणि तयारीशिवाय असणं वेगळं. मेरिलँडच्या त्या डुकरात दहा जनुकीय बदल केले होते, तरी ते हृदय घेतलेले डेव्हिड बेनेट दोन महिनेच जगले, आणि नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, जो आधीच्या तपासणीत निसटला होता.

मेकॅनिकने हे लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, ‘निसटतं काहीतरी. नेहमीच.’ तेव्हा मला कळलं नाही तो काय म्हणतोय.

सप्टेंबरमध्ये अदलाबदलीची जोडी मिळाली. (फॉर्म बायकोने भरून घेतला होता, याची सही तिने जेवताना घेतली.) तिकडे रुग्ण बाई, गट ए, दाता तिचा नवरा, गट बी. बायकोला किडनी द्यायला निघालेला नवरा मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेला नाही. देणाऱ्यांत आया आणि बायका, घेणाऱ्यांत मुलगे आणि नवरे, ही आमच्या रजिस्टरची नेहमीची दोन पानं. चौघांची एकत्र बैठक ठेवली. मेकॅनिक आला नाही. डायलिसिसनंतर चक्कर आली म्हणाला. दुसरी तारीख ठेवली, तेव्हा गणपतीचे मंडप होते, एसीची कामं होती. तिसऱ्या वेळी मी चिडले.

‘तिने दिली, आणि तिचीच गेली’

डिसेंबर २०२४. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोनमध्ये अलाबामाच्या टोवाना लूनी या बाईंना २५ नोव्हेंबरला डुकराची किडनी बसवल्याची बातमी तीन आठवड्यांनी आली. मी मनाची तयारी करून युनिटमध्ये गेले. आता हा पुन्हा नाव घालायला सांगणार.

त्याने मोबाइल दिला, पण बातमीचा खालचा भाग उघडलेला. ‘हे वाचा.’ लूनी यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या आईला एक किडनी दिली होती. पुढे गर्भारपणात रक्तदाब वाढला, उरलेली किडनी बिघडत गेली. २०१६ पासून डायलिसिस. दाता असल्याने यादीत वरचा नंबर होता, पण रक्तातली प्रतिद्रव्यं इतकी की जुळणारी किडनीच मिळेना.

‘तिने दिली, आणि तिचीच गेली.’ थोडा वेळ थांबून तो हळू आवाजात म्हणाला, ‘आमच्या हिलाही धाकट्याच्या वेळी प्रेशर होतं.’

मी टेबलावर येऊन फाइल उघडली. बायकोच्या दाता-प्रश्नावलीत ‘उच्च रक्तदाब आहे का?’ यापुढे ‘नाही’ आणि तिची सही. गरोदरपणाचा वेगळा रकाना आमच्या जुन्या फॉर्मवर नव्हता. तोंडी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं. तिला संध्याकाळी फोन केला. ‘हो, सातव्या महिन्यात पाय सुजले होते, प्रेशर वाढलं म्हणून लवकर सिझर केलं. पण नंतर गोळ्या बंद झाल्या. आता काही नाही ना, म्हणून नाही लिहिलं.’ तिचं खोटं नव्हतं. प्रश्नच अर्धा होता.

तर गेले नऊ महिने मी ज्याला अमेरिकन बातम्यांच्या नादी लागलेला, वास्तव टाळणारा रुग्ण समजत होते, तो एकच गोष्ट सांगत होता : हिची नको. ती उघड सांगितली असती तर बायको दुखावली असती, सासरच्या माणसांनी ‘द्यायची नाही म्हणून नवऱ्याला बोलायला लावलं’ असं म्हटलं असतं, आणि मी तरी काय केलं असतं, त्याला दात्याच्या सुरक्षिततेचं छापील पत्रक दिलं असतं. डुकराला कुणी विचारत नाही तुझं काय होईल म्हणून. हे वाक्य त्याचंच आहे.

गरोदरपणात रक्तदाब वाढला होता म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही. पण पुढच्या आयुष्यात रक्तदाब होण्याचा धोका अशा बायकांना जास्त असतो, आणि मग एकाच किडनीवर तो झेलायचा. डॉक्टरांनी २४ तास दंडाला यंत्र बांधून रक्तदाब मोजायला सांगितला. दिवसाचे आकडे ठीक. रात्री झोपेत जो खाली यायला हवा तो येत नव्हता. शिवाय लघवीत थोडी प्रथिनं. जानेवारी २०२५ मध्ये ती दाता म्हणून बाद झाली. रडली. मग तिच्या गोळ्या सुरू झाल्या.

ती दुसरी जोडी आमच्यामुळे चार महिने थांबली होती. त्यांना मी फोन करून सांगितलं तेव्हा त्या नवऱ्याने फक्त ‘बरं’ म्हटलं. त्यांचं पुढे काय झालं ते दुसऱ्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये आहे, माझ्या नाही. पण हा हिशेब या प्रकरणात लिहायलाच हवा. आम्ही पहिल्या दिवशी एक प्रश्न पूर्ण विचारला असता तर त्या चार महिन्यांत ती बाई दुसरी जोडी शोधू शकली असती. आता आमच्या फॉर्मवर गरोदरपणाच्या रक्तदाबाचा रकाना आहे.

एप्रिलमध्ये लूनी यांची किडनी काढल्याची बातमी आली. १३० दिवस चालली होती. संसर्ग झाला म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली, आणि शरीराने किडनी नाकारली. त्या परत डायलिसिसवर. मला वाटलं हा खचेल. तो म्हणाला, ‘परत मशीनवर आली ना? म्हणजे घरी आली. चांगलंय.’

आई

मे महिन्यात त्याची आई गावाहून आली, फणस आणि कोकमं घेऊन. वय आधारकार्डावर ६८, जन्मतारीख १ जानेवारी, म्हणजे शाळेत घालताना कुणीतरी लिहिलेली. तिला कुणीतरी डुकराच्या किडनीची गोष्ट सांगितली होती. मला वाटलं ती शिवशिव करेल. कुडाळकडच्या बाईला डुक्कर म्हणजे रानडुक्कर, रात्रीत खाचर लोळवून जाणारं. ती म्हणाली, ‘त्या मेल्यांनी माजो सगळो भात नासल्यानी, आता एक किडनी दिल्यानी तर फिटांफीट.’

मग माझ्याकडे वळून, ‘पण माका दोन आसत गो बाय. माजी कोण इचारीत नाय.’

खरंच कुणी विचारलं नव्हतं. ६८ वर्षांची, गावाला राहणारी, आम्हीही तिचं नाव ‘दाता उपलब्ध नाही’ या रकान्यात गृहीत धरलं होतं. रक्तगट ओ. साखर नाही, रक्तदाब १२४/७६. दोन्ही किडन्यांची मिळून गाळण्याची क्षमता ८२, तिच्या वयाला उत्तम. मुलाने पुन्हा नाही म्हटलं. पण इथे समोर बायको नव्हती, आई होती. तिने त्याला सगळ्या युनिटसमोर झापलं. मालवणीतलं ते झापणं मी इथे लिहू शकत नाही.

आई म्हणजे जवळचं नातं, त्यामुळे राज्याच्या समितीकडे जावं लागत नाही, रुग्णालयाच्या पातळीवर परवानगी मिळते. नातं सिद्ध करायला मात्र कागद लागतात, आणि शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव वेगळं, रेशनकार्डावर वेगळं. त्यात तीन आठवडे गेले. ऊतींची जुळणी अर्धी आली, आई-मुलात येते तशी. आईची एकटीची मुलाखत कॅमेऱ्यासमोर झाली. दबाव आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘माजो त्याच्यावर आसा.’

तारीख लावताना मात्र दोन अडथळे आले आणि दोन्ही तिचेच. पहिला, लावणी झाल्याशिवाय नाही. जूनमध्ये ती गावाला परत गेली, तरवा (भाताची रोपं) काढून लावला, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाय चिखलाने भेगाळलेले घेऊन हजर. ‘तरवो उपटून दुसऱ्या खाचरात लावतत. रुजता. तशी रुजात,’ ती म्हणाली. प्रत्यारोपण या शब्दात रोप आहे हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. दुसरा अडथळा : शस्त्रक्रिया ठरली मंगळवारी, २९ जुलैला. त्या दिवशी नागपंचमी. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सर्जनना मी हे कसं सांगितलं ते मलाच माहीत. त्यांनी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं आणि गुरुवारची थिएटरची यादी मागवली.

३१ जुलै २०२५ ला शस्त्रक्रिया झाली. आईची डावी किडनी दुर्बिणीतून काढली, मुलाच्या उजव्या कुशीत खाली बसवली. रक्त सुरू केल्यावर ती गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. आई पाचव्या दिवशी घरी गेली. मुलाला दहाव्या दिवशी औषधाचं प्रमाण वाढून हात थरथरायला लागले, ते कमी केल्यावर थांबले. महिन्याने क्रिएटिनिन १.३. भातकापणीला त्या वर्षी आई बांधावर बसून होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे कुणालाच विळा धरता येत नव्हता.

शेवटची नोंद

२८ ऑक्टोबर २०२५, फॉलोअप ओपीडी. भाऊबीज होऊन गेली होती. मेकॅनिक मास्क लावून, गोळ्यांचा डबा घेऊन आला. बॉस्टनमध्ये टिम अँड्र्यूज यांना जानेवारीत बसवलेली डुकराची किडनी काम कमी करायला लागली म्हणून २३ तारखेला काढली होती. २७१ दिवस, जिवंत माणसात तोपर्यंत सर्वांत जास्त. त्याने बातमी वाचली होती, अर्थातच.

‘मॅडम, माझा आज एकोणनव्वदावा. दोनशे एकाहत्तरावा अठ्ठावीस एप्रिलला येतो, मोजलं मी.’ मोबाइलच्या कॅलेंडरवर त्याने ती तारीख उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं ‘आईला फोन’.

मग रक्ताचा रिपोर्ट काढून विचारलं, नारळपाणी चालेल का आता? दोन वर्षं झाली प्यायलो नाही. मी म्हटलं, तुमच्या त्या गोळीने पोटॅशियम वाढतं, आधी डॉक्टरांना दाखवा. तो रिपोर्ट घेऊन रांगेत जाऊन बसला. वरचा एसी नीट गार करत नव्हता, म्हणून मान वर करून बघत होता.